वॉर्डातली पावलं

म्हातारं माणूस हॉस्पिटलात दाखल झालं की घरातला प्रत्येक जण त्याला एकच गोष्ट सांगतो: पडून राहा, उठू नका. बघायला आलेले शेजारी तेच सांगतात, पुण्याची नणंद फोनवरून तेच सांगते. त्यामागे माया असते, यात मला कधीच शंका वाटलेली नाही. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे. वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांना उठवून उभं करणं, चार पावलं चालवणं हे माझं काम आहे, आणि या 'पडून राहा'शी माझं रोजचं भांडण आहे.

भांडण जुनंच आहे. रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर लिहिलं होतं. पायात रक्ताची गुठळी होते, फुप्फुसात कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पोट साफ होत नाही, सांधे आखडतात, मन खचतं. एवढी वर्षं झाली तरी म्हातारा रुग्ण वॉर्डात दिवसभरात नेमका किती वेळ उभा असतो हे कुणी विचारलं, तर फायलीत उत्तर नसायचं. नाडी, ताप, रक्तदाब, लघवी किती झाली हे सगळं तासातासाला लिहिलेलं, पण माणूस उठला का, किती वेळ बसला, याला रकानाच नाही. अंगावर लावायच्या छोट्या सेन्सरांमुळे पहिल्यांदा त्याचं माप मिळालं.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या एका हॉस्पिटलात असे सेन्सर ४५ रुग्णांच्या मांडीला आणि घोट्याला लावले होते. त्याचे निष्कर्ष २००९ साली छापून आले. सगळे ६५ च्या पुढचे, पण दाखल होण्याआधी आपल्या पायांनी चालणारे. हे लोक सरासरी ८३ टक्के वेळ आडवे होते, म्हणजे २४ तासांतले जवळपास २० तास. उभं राहणं आणि चालणं मिळून निम्म्या जणांचं दिवसाला ४३ मिनिटंही होत नव्हतं. हे सगळे एकेकाळी कवायत केलेले लोक, हे मी तो लेख वाचताना सारखं मनात घोळवत होते.

आडवं पडण्याची किंमत किती, हेही मोजलेलं आहे. २००७ साली छापलेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या, काहीही आजार नसलेल्या माणसांना दहा दिवस फक्त अंथरुणात ठेवलं. दहा दिवसांत पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं, आणि गुडघा सरळ करायची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली. ताप नाही, न्यूमोनिया नाही, पोटात अन्न नीट जातंय, तरीही एवढं. गुडघा सरळ करायची ताकद म्हणजे खुर्चीतून उठायची ताकद, कमोडवरून उठायची ताकद, ओटा चढायची ताकद. घरात जेमतेम कठड्याला धरून उठणाऱ्या ८० वर्षांच्या आजींची ही ताकद आधीच काठावर असते. त्यातली थोडी गेली की न्यूमोनिया बरा होतो, एक्स-रे स्वच्छ येतो, आणि आजी स्ट्रेचरवरून घरी जातात. घरचे म्हणतात, "आजारानं पार खाल्लं हो त्यांना." त्यातला बराचसा वाटा आजाराचा नसतो, खाटेचा असतो, हे सांगताना मला दरवेळी जड जातं.

मध्यंतरी आमच्या वॉर्डात असे काही सेन्सर आले. पट्टीसारखे, अगदी हलके. आतली करामत साधी आहे. नखाएवढ्या चिपमध्ये तीन दिशांची हालचाल टिपणारा भाग असतो. मोबाइल आडवा धरला की त्यावरचं चित्र आडवं होतं, ते ज्यामुळे होतं त्याच जातीचा. शरीर हललं की तो ते नोंदवतो, आणि शरीर स्थिर असलं तरी गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला ओढतंय हे त्याला कळतं. म्हणून तो अंगावर कुठे लावला याला फार महत्त्व आहे, आणि दुकानातून महागडं घड्याळ आणून आईच्या मनगटाला बांधणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

मनगटावरचं घड्याळ हाताच्या झुलण्यावरून पावलं ओळखतं. वॉकर धरून चालणाऱ्या आजींचे दोन्ही हात दांड्यांवर घट्ट आवळलेले असतात. त्या धापा टाकत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत येतात, आणि घड्याळात चार-दोन पावलं पडतात. तेच संध्याकाळी खाटेवर बसून टाळ्या वाजवत भजन म्हटलं तर पावलं भराभर वाढतात. पाय घासत, हळू चालणाऱ्यांचीही बरीच पावलं मनगटातून निसटतात. पट्टी घोट्याला लावली तर ती नीट मोजली जातात. पण आमचा खरा प्रश्न पावलांचा नव्हताच. माणूस आडवा आहे, बसलाय की उभा आहे, हे आम्हाला हवं होतं. त्यासाठी मांडी लागते. मांडी उभी तर माणूस उभा. मांडी आडवी असेल तर तो बसलेला असेल किंवा झोपलेला, म्हणून जोडीला घोटा: मांडी आडवी आणि नडगी उभी, तर खुर्चीत बसलाय, दोन्ही आडवं, तर अंथरुणात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा फार आवडलं. अख्ख्या माणसाची दिवसभराची कहाणी दोन हाडांच्या कोनावरून वाचता येते.

कागदावर हे जितकं सोपं, तितकं वॉर्डात नाही. म्हाताऱ्या बायकांच्या मांडीला पट्टी चिकटवायची म्हणजे आधी विश्वास कमवावा लागतो. हॉस्पिटलचा गाऊन असला तरी आत परकर असतोच, कुणी कुणी लुगडंच नेसून येतात. पडदा ओढून, सुनेला किंवा लेकीला जवळ उभं करून, आधी माझ्या स्वतःच्या हातावर पट्टी लावून दाखवून मग त्यांना विचारायचं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांच्या घोट्यावर सूज असते, सकाळी सैल वाटलेला पट्टा संध्याकाळी रुतून वळ उठवतो. त्वचा कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, चिकटपट्टी ओढून काढली तर सालटं निघतं, म्हणून ती तेलाचं बोट लावून, कडेने, सावकाश सोडवावी लागते. एमआरआयला नेताना ती काढायची आणि परत आल्यावर आठवणीने लावायची. प्रश्न ठरलेले असतात: यातून करंट लागतो का? मला काही झालं तर यातून डॉक्टरांना कळतं का? (नाही कळत. ही हृदयाची पट्टी नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण चुकीचा धीर फार महागात पडतो.) आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा: याचे पैसे बिलात लागणार का?

परवानगी आजींचीच घ्यायची, यावर मी अडून बसते. पुष्कळदा मुलगाच परस्पर म्हणतो, "लावा हो, तिला काय कळतंय." तिला कळतं. कानाने कमी ऐकू येतं म्हणून कळत नाही असं होत नाही. वाकून, तोंड समोर धरून, सावकाश विचारलं की नीट उत्तर येतं, कधी कधी "नको" असंही येतं, आणि मग नको.

एका आजींबद्दल लिहिते. दांडिया बाजाराच्या मागच्या एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला स्वतः जिना उतरायच्या. न्यूमोनियाने दाखल झाल्या. ताप उतरला त्या दिवसाचा त्यांचा आलेख मी लॅपटॉपवर उघडला आणि वॉर्डच्या सिस्टरना बोलावलं. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतची आडवी पट्टी, आणि ती जवळजवळ सगळी एकाच गडद रंगाची. उभं राहिल्याच्या बारीक रेघा तीनच. एक पहाटेची, आयाबेननी (वॉर्डातल्या आयांनी) चादर बदलायला उभं केलं तेव्हाची. एक माझी. एक संध्याकाळची, भेटायच्या वेळेतली, नात आली होती तेव्हाची. मधल्या सगळ्या दुपारी काहीच नाही. सिस्टर आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आखो दिवस सूतां ज रह्यां?" (दिवसभर झोपूनच होत्या?) त्यांना खरंच धक्का बसला होता. त्या दिवसभर त्याच वॉर्डात होत्या, आजींच्या खाटेपाशी कितीदा तरी जाऊन आल्या होत्या. नाडी बघितली, इंजेक्शन दिलं, विचारपूस केली. प्रत्येक वेळी आजी झोपलेल्याच होत्या, पण अशा वेगवेगळ्या क्षणांची बेरीज डोळ्यांना करता येत नाही.

मग आम्ही दोघी खाटेपाशी जाऊन उभ्या राहिलो आणि आजी उठतील कशा हे बघितलं. सलाइन सकाळीच संपलेलं, पण नळी स्टँडला तशीच. दाखल करताना गडबडीत लावलेली लघवीची नळी अजून होती, पिशवी खाटेच्या दांड्याला अडकवलेली. खाट वर केलेली, आजींचे पाय जमिनीला पोचत नव्हते. दोन्ही बाजूंचे कठडे वर. चपला खाटेखाली, पार भिंतीकडे. यातली एकेक गोष्ट कुणी ना कुणी चांगल्या हेतूनेच केली होती, आणि सगळ्या मिळून त्या बाईला बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी लघवीची नळी काढायला सांगितली. त्यानंतरच्या आलेखात बाथरूमच्या फेऱ्या एकेक करून उगवल्या. प्रत्येक फेरी म्हणजे उठणं, उभं राहणं, चालणं, बसणं, पुन्हा उठणं. मी एका भेटीत जेवढा व्यायाम करून घेते त्याहून हा जास्त, आणि आजींना तो व्यायाम वाटत नाही.

आजींच्या पायाला लावलेली पट्टी आमच्या वॉर्डाचं वेळापत्रक लिहीत होती. आयाबेन किती आहेत, रात्री किती, भेटायला कधी सोडतात, नळ्या कधी काढतात, सगळं त्या रेघांत उतरलेलं. त्यामुळे ही पट्टी रुग्णाला शिस्त लावण्यासाठी आहे असं कुणी बोललं की मला पटत नाही. ८० वर्षांच्या आजारी माणसाला आपणहून उठवत नाही म्हणून दोष कसा द्यायचा?

आणि पडण्याची भीती आहे. ती खोटी नाही, खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी रोज बघते. पण हॉस्पिटलात या भीतीचा एक विचित्र हिशोब चालतो. रुग्ण पडला की त्याच दिवशी फॉर्म भरला जातो, सिस्टरना जाब विचारला जातो, नातेवाईक येऊन उभे राहतात. रुग्ण आठवडाभर पडून राहिला आणि चालता आला होता तो न चालता गेला, तर कसलाच फॉर्म नसतो. साहजिकच सगळं मनुष्यबळ पहिली गोष्ट टाळण्यात जातं. सेन्सरचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग हाच, की दुसरं नुकसानही कागदावर येतं.

दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तो जपानमध्ये १९६५ साली बाजारात आलेल्या कमरेच्या पावलं-मोजणीच्या यंत्राबरोबर आला, त्या यंत्राचं नावच तसं होतं. वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसाशी त्याचा काही संबंध नाही. इस्रायलमध्ये हॉस्पिटलातल्या वृद्धांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ९०० पावलांच्या खाली चालणाऱ्यांची रोजची कामं करण्याची क्षमता घटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. फक्त ९००. अर्थात जो जास्त आजारी तो कमी चालणारच, तेव्हा ९०० हा काही मंत्र नाही. पण किती थोड्याने फरक पडू शकतो याचा अंदाज त्यातून येतो. खाटेपासून बाथरूम, बाथरूमपासून खिडकी, खिडकीपासून कॉरिडॉरचं टोक, अशा फेऱ्या दिवसभरात वाटून घेतल्या तर हे आवाक्यातलं आहे.

आकडा कुणाच्या हातात जातो, यावर मात्र सगळं ठरतं. बडोद्यात निम्म्या घरांतली मुलं कॅनडा-अमेरिकेत. एका आजींच्या मुलाने तिकडून हट्ट धरला की आईची पावलं रोज त्याला कळवायची. रोज रात्री फोन: "आज किती? कालच्यापेक्षा कमी का?" तो काळजीने व्याकूळ झाला होता, एवढ्या लांबून त्याला दुसरं काय करता येणार होतं. पुढे एकदा दुपारी मी वॉर्डात गेले तर आजी पडल्या-पडल्या पाय हलवत होत्या, एका लयीत, घोट्यावरच्या पट्टीकडे बघत. म्हणाल्या, "त्याला तिकडे झोप लागत नाही गं." मी खाटेवर बसले आणि त्यांचा हात धरला. त्या रात्री मुलाशी मी स्वतः बोलले. आकडे पाठवणं बंद केलं आणि त्याला सांगितलं, फोन दुपारी चारला कर, व्हिडिओवर, आणि आईला सांग की खिडकीपाशी जाऊन मला रस्ता दाखव. त्याने ते केलं, अगदी मनापासून केलं.

तोच आकडा आयाबेनच्या हातात गेला तेव्हा वेगळं घडलं. आलेख वाचायला फार शिकावं लागत नाही, गडद म्हणजे झोपलेलं, फिकट म्हणजे उभं. आमच्या आयाबेनना तो दाखवला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बोट ठेवलं ते पहाटेच्या रेघेवर: "आ तो में ऊभां कर्यां हतां!" (हे तर मीच उभं केलं होतं!) वर्षानुवर्षं त्या हे करत आल्या होत्या आणि कुठेच त्याची नोंद नव्हती. त्यानंतर जाता-येता त्या खाटांपाशी थांबू लागल्या. "बा, चालो ने, बे डगलां." (आजी, चला ना, दोन पावलं.) आणि बा उठतात. माझ्यासाठी कुरकुर करत उठतात, आयाबेनसाठी हसत.

आपल्याकडे एक गोष्ट आहे जी या परदेशी अभ्यासांत फारशी दिसत नाही: सोबतीला बसणारं माणूस. चोवीस तास, त्या अरुंद बाकड्यावर. सून, लेक, जावई, पुतण्या, कुणीतरी असतंच. त्यांना काहीतरी करायचं असतं आणि कुणी काही सांगत नाही, म्हणून ते पाय चेपतात आणि 'पडून राहा' म्हणतात. त्यांना शिकवायला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. आधी डॉक्टरांना विचारायचं की उठवायला हरकत नाही ना. मग खाट खाली करायची. माणसाला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून काठावर बसवायचं आणि थांबायचं, कारण बरेच दिवस आडव्या असलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना एकदम खाली जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. चक्कर नाही ना हे विचारायचं. सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळू शकतो, कमरेपाशी धरायचं. सलाइनची नळी ताणली जात नाही ना, हे बघायचं. आणि जेवण खुर्चीत. दोन वेळचं जेवण आणि चहा खुर्चीत झाला तरी दिवस कितीतरी बदलतो.

हे होतं, याचा पुरावा आहे. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात हॉस्पिटलात दाखल झालेल्या ३७० वृद्धांवर झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय ८७. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं देखरेखीखाली व्यायाम. नेहमीचे उपचार मिळालेले हॉस्पिटलातल्या मुक्कामात खंगले, व्यायाम केलेले डिस्चार्जच्या वेळी चालण्या-उठण्यात आधीपेक्षा बरे होते. ८७ व्या वर्षी, आजारपणात, जेमतेम आठवड्याभराच्या व्यायामाने.

बडोद्यात तर हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. जुम्मादादांच्या आखाड्याचं हे गाव, तो आखाडा पुढे नेणाऱ्या व्यायामगुरू माणिकरावांचं गाव. व्यायामावरचा दहा खंडांचा मराठी कोश इथेच तयार झाला. अजूनही वॉर्डात एखादे काका भेटतात, लहानपणी आखाड्यात जाऊन आलेले. दम्याने बेजार झालेल्या अशा एका काकांना मी "चला, चालू या" म्हटलं की ते मान फिरवायचे. शेवटी विचारलं, "मल्लखांब करायचात ना तुम्ही?" तर पाय आपोआप खाटेवरून खाली आले. उभे राहिल्यावर पाठ अशी ताठ, की मलाच थोडं सरळ व्हावं लागलं.

पट्ट्या आमच्याकडे मोजक्याच आहेत आणि सगळ्यांना त्या लागतही नाहीत. ज्यांना लावतो, त्यांच्या आलेखाचा कागद आता फायलीत जात नाही, खाटेच्या पायथ्याशी लावतो, सोबतीच्या माणसाला आणि आयाबेनला दिसेल असा. बाकीच्या खाटांना नुसता तक्ता: जेवण खुर्चीत झालं का, बाथरूमला चालत गेले का, किती वेळा. तो सोबतीचं माणूस भरतं. लघवीची नळी आज काढता येईल का, हा प्रश्नही राउंडला त्यांनीच विचारायचा, असं आम्ही दाखल होतानाच सांगून ठेवतो. पुष्कळदा डॉक्टर क्षणभर फाइल बघतात आणि म्हणतात, हो, काढा की.